बेळगावहून माउंटन गोरिला बघायला: परवाना, पिवळं कार्ड आणि ब्विंडीचा चढ

माउंटन गोरिला जगातल्या कुठल्याच प्राणीसंग्रहालयात बघायला मिळत नाही. म्हैसूरला 2021 मध्ये जर्मनीहून दोन गोरिले आणले, पण ते आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या सखल जंगलातल्या जातीचे. लांब, दाट केसांचा डोंगरी गोरिला आता दोनच ठिकाणी उरलाय: युगांडातलं ब्विंडीचं जंगल, आणि युगांडा, रवांडा, काँगो या तिघांच्या हद्दी मिळतात तिथली विरुंगा ज्वालामुखींची रांग. 2015-16 च्या मोजणीत विरुंगात 604 सापडले. 2018 ला ब्विंडी आणि त्याला लागून असलेल्या काँगोतल्या सारांब्वे भागात 459 निघाले. म्हणजे सगळे मिळून 1,063. त्यामुळं रोज किती माणसं आत सोडायची हे मोजून ठरलेलं असतं, आणि अख्खा प्रवास त्या एका परवान्याच्या तारखेभोवती बांधावा लागतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून जाणाऱ्यांनी क्रम असा ठेवावा: आधी परवाना, मग विमान, मग मुक्काम. बहुतेकजण उलटं करतात. विमान स्वस्तात दिसलं की काढून मोकळे होतात आणि मग त्या तारखेचा परवाना मिळत नाही म्हणून हात चोळत बसतात. गर्दीच्या महिन्यांचे परवाने चार-सहा महिने आधीच संपतात.

युगांडा की रवांडा

रवांडाचं व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यान किगाली विमानतळापासून गाडीनं अडीच-तीन तासांवर आहे आणि रस्ता उत्तम. पण परवाना एका माणसाला 1,500 डॉलर. युगांडात जुलै 2024 पासून परदेशी पाहुण्याला 800 डॉलर पडतात, म्हणजे सत्तर हजार रुपयांच्या पुढं. मात्र एंटेबे विमानतळावरून ब्विंडी गाठायला गाडीत आठ ते दहा तास जातात. काँगोचा परवाना या दोघांपेक्षा स्वस्त असायचा, पण पूर्व काँगोतली लढाई बघता कुणी फुकट नेतो म्हणालं तरी तिकडं फिरकू नये.

दिवस मोजकेच असतील आणि गुडघे कुरकुरत असतील तर रवांडा. नाहीतर ब्विंडी. वाचलेल्या रकमेत एंटेबेहून येताजाता चिंपांझी, सिंह, हत्ती असं बरंच पदरात पडतं. तिसरा मार्गही आहे: किगालीला उतरून सीमा ओलांडायची आणि ब्विंडीच्या दक्षिण भागात चार-पाच तासांत पोचायचं. त्यासाठी ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा काढावा. 100 डॉलर, 90 दिवस, युगांडा-रवांडा-केनिया तिन्हीकडं कितीही वेळा ये-जा. ज्या देशात पहिल्यांदा उतरणार त्याच देशाकडं अर्ज करायचा असतो. किगालीला उतरणाऱ्यानं तो युगांडाकडून काढला तर पहिल्याच काउंटरवर अडकतो. नुसत्या युगांडाचा ई-व्हिसा 50 डॉलरचा.

परवान्यावर भाग कोणता लिहिलाय ते बघा

ब्विंडीचं जंगल सव्वातीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. 1991 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1994 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. आत जायला चार भाग आहेत: उत्तरेला बुहोमा, पूर्वेला रुहिजा, दक्षिणेला रुशागा आणि न्कुरिंगो. पर्यटकांना गोरिला दाखवण्याची सुरुवात 1993 मध्ये बुहोमाला झाली. सध्या माणसांना सरावलेली सगळ्यांत जास्त कुटुंबं रुशागात आहेत, म्हणून उशिरा जागं झालेल्याला परवाना मिळण्याची शक्यताही तिथंच जास्त. रुहिजा सगळ्यांत उंचावर आणि थंड. न्कुरिंगोचे चढ-उतार फार अंगावर येतात.

सगळ्यांत महागात पडणारा घोळ इथंच होतो. परवाना रुशागाचा असतो आणि लॉज बुहोमात स्वस्त मिळालं म्हणून तिथं घेतलेलं असतं. नकाशावर एकच जंगल दिसतं, पण या दोन टोकांमध्ये डोंगरातला कच्चा, वळणावळणाचा कित्येक तासांचा रस्ता आहे. सकाळी साडेसातला हजर राहायचं असतं. उशीर झाला की गट निघून जातो, पैसे परत मिळत नाहीत. म्हणून लॉज परवान्याच्याच भागात घ्यावं, फाटकापासून अर्ध्या तासाच्या आत.

परवाना युगांडा वाइल्डलाइफ ऑथॉरिटी देते. थेट किंवा तिथल्या नोंदणीकृत टूर चालकामार्फत घेता येतो. चालकाकडून घेताना ‘बुकिंग झालंय’ एवढ्यावर उरलेले पैसे पाठवू नका. तुमचं नाव, पासपोर्ट नंबर, तारीख आणि भाग छापलेल्या परवान्याची प्रत मागा. त्या रकमेत उद्यानाचा प्रवेश, वाटाड्या आणि माग काढणारे येतात. गाडी, मुक्काम, हमाल, टिप हे सगळं वेगळं. वयाची 15 वर्षं पूर्ण नसतील तर प्रवेशच नाही, त्यामुळं लहान पोरांना आजीपाशी ठेवूनच निघावं लागतं.

एका कुटुंबाकडं दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ माणसं, आणि गोरिले दिसल्यापासून एक तास. रुशागात चार तासांचा एक वेगळा परवानाही मिळतो. अजून पूर्ण न सरावलेल्या कुटुंबाबरोबर संशोधकांच्या मागं फिरायचं असतं, माणसं चारच, आणि किंमत दुपटीच्या आसपास. पहिल्यांदा जाणाऱ्यानं त्याच्या मागं लागू नये. ते गोरिले पळतात, आणि त्यांच्या मागं आपणही.

महिना

आपल्याकडं चोर्ला घाट आणि कणकुंबी धुक्यात नि पावसात बुडालेले असतात तेव्हाच, जून ते ऑगस्ट, तिकडं कोरडं असतं. दुसरा कोरडा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. आपली मे महिन्याची सुट्टी नेमकी त्यांच्या मोठ्या पावसात येते आणि दिवाळीची धाकट्या पावसात. गोरिले बाराही महिने दिसतात, पावसात फक्त वाट निसरडी होते आणि रस्त्याचा भरवसा राहत नाही. कोरड्या महिन्यातही पावसाची एखादी सर येतेच, जंगलच तसलं आहे. मेणकापड घरी ठेवू नये.

कागद

पासपोर्ट किमान सहा महिने चालू आणि दोन पानं कोरी हवीत. सीमाभागातल्या लोकांची खरी अडचण स्पेलिंगची. शाळेचा दाखला मराठीत, सातबारा-उतारा कानडीत, आधारवर तिसरंच काहीतरी. वडिलांचं नाव मधे आहे की नाही यातही फरक. व्हिसा, परवाना, विमान आणि लशीचं कार्ड या चारही ठिकाणी पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर तेच नाव टाका. जन्मगावाचंही तसंच: 2014 च्या नोव्हेंबरात शहराचं इंग्रजी नाव बदललं, त्यामुळं जुन्या पासपोर्टवर ‘बेलगाम’ आणि नव्यावर ‘बेळगावी’ असू शकतं. फॉर्म भरताना आपल्याला कुठलं आवडतं हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवायचा.

पिवळ्या तापाची लस, म्हणजे यलो फीव्हर, युगांडासाठी सक्तीची आहे. ती साध्या दवाखान्यात मिळत नाही, केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रातच मिळते. आपल्याला जवळची म्हणजे गोव्यात मोरमुगावचं पोर्ट हेल्थ कार्यालय, नाहीतर मुंबई किंवा बेंगळुरू. आरोग्य मंत्रालयाच्या यादीत बघून, आधी वेळ ठरवूनच निघा. एका कुपीत अनेकांचे डोस असतात, म्हणून केंद्रं ठरावीक दिवशीच टोचतात, आणि वास्कोपर्यंत जाऊन हात हलवत परत येणारे कमी नाहीत. पासपोर्ट बरोबर हवा. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी तिचं पिवळं कार्ड लागू होतं, मग जन्मभर चालतं. अंड्याची ॲलर्जी, साठीच्या पुढचं वय, गरोदरपण किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि तिथं तोंडानं सांगा.

कार्डाची गरज परतीच्या वाटेवर जास्त भासते. युगांडाहून आलेल्या प्रवाशाकडं ते नसेल तर भारतात विमानतळावरून थेट विलगीकरणात नेतात, सहा दिवसांपर्यंत. म्हणून ते चेक-इन बॅगेत टाकू नका, पासपोर्टलाच रबर लावून ठेवा.

मलेरियाच्या गोळ्याही डॉक्टरांच्या सल्ल्यानं निघण्याआधी सुरू कराव्या लागतात. ब्विंडी उंचावर असल्यानं डास कमी, पण वाटेतल्या सखल भागात आणि सरोवराकाठच्या एंटेबेत ते असतातच.

पैसे आणि प्रवास

डॉलर रोख न्यायचे, पण नोटा बघून घ्या. 2013 च्या आधी छापलेल्या, दुमडून फाटायला आलेल्या, पेनानं काही लिहिलेल्या नोटा तिथं घेत नाहीत. आपल्याकडचा परकीय चलनवाला जुन्या नोटा सहज माथी मारतो, काउंटर सोडायच्या आधी प्रत्येक नोटेवरचं वर्ष वाचा. 50 आणि 100 च्या नोटांना बदलताना भाव चांगला मिळतो. टिपेसाठी 5 आणि 10 च्या थोड्या वेगळ्या ठेवा.

मुंबईहून एंटेबेला युगांडा एअरलाइन्सनं ऑक्टोबर 2023 मध्ये थेट विमान सुरू केलं, ते रोज नसतं. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गेही जाता येतं. सांब्र्याहून मुंबईचं विमान पावसाळ्यात धुक्यानं उशिरा सुटतं किंवा रद्द होतं. त्याच दिवशीचं आंतरराष्ट्रीय विमान त्याच्या भरवशावर काढू नये. आदल्या रात्रीची बस किंवा रेल्वे धरून मुंबईत एक दिवस हाताशी ठेवा.

एंटेबेहून गाडीनं जाताना मसाका, म्बरारा, कबाले अशी वाट. वाटेत विषुववृत्त ओलांडतो, तिथं पाच मिनिटं थांबायला हरकत नाही. त्याच दिवशी उतरून त्याच दिवशी ब्विंडी गाठायचा हट्ट नको: शेवटचा डोंगराचा टप्पा अंधारात येतो. छोट्या विमानानं ब्विंडीजवळच्या किहिही किंवा किसोरोला उतरता येतं. त्यात सामान 15 किलो आणि तेही मऊ पिशवीत.

रवांडामार्गे जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट: तिथं प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2008 पासून बंदी आहे आणि विमानतळावर काढून घेतात. चिवडा, दशम्या, शेंगाचटणी प्लास्टिकात बांधली असेल तर तिथंच रिकामी करावी लागेल. स्टीलचा डबा नाहीतर कापडी पिशवी. कुंदा न्यायचा मोह होईल, पण त्या प्रवासात तो टिकत नाही. गोकाकचा करदंट मात्र जंगलात खिशात ठेवायला फार उपयोगाचा. शाकाहारी असाल तर लॉजला आदल्या रात्री पुन्हा सांगा, कारण सकाळी हातात मिळणाऱ्या डब्यात हमखास चिकन किंवा अंडं असतं. शाकाहाऱ्याला मटोके, म्हणजे वाफवलेली कच्ची केळी, घेवड्याची उसळ आणि चपाती कुठंही मिळते.

पाय तयार करणं

चालणं एक तासही असू शकतं, सहा-सात तासही. गोरिले काल रात्री कुठं झोपले त्यावर ते ठरतं. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, ब्विंडी 1,160 पासून 2,600 मीटरपर्यंत चढतं, तेव्हा धाप लागतेच. दोन महिने आधीपासून आठवड्यातून दोन-तीनदा चढ चढा. राजहंसगडाला गाडीरस्ता सोडून पायथ्यापासून चाला, मग चंदगडकडचे महिपाळगड, कलानिधीगड. पाठीवर पाच किलो घ्या. चढापेक्षा उताराचा सराव महत्त्वाचा, कारण ब्विंडीत गुडघे जातात ते उतरताना, ओल्या पालापाचोळ्यावर. तिथं वाट अशी नसतेच: पुढचा माणूस कोयत्यानं वेली तोडत जातो आणि पाय पडतो तो जमिनीवर की वेलींच्या जाळीवर हे कळत नाही. जांबोटी-खानापूरकडं पावसात रानात फिरलेल्यांना याचा अंदाज लवकर येईल.

कपडे पातळ पण लांब बाह्यांचे, पँट मोज्यात खोचलेली. तिथं मुंग्यांच्या रांगा जंगलातून जातात, त्यांच्यावर थांबलात तर कपड्यात शिरून डसतात. वाटाडा ‘मुंग्या’ म्हणाला की चालत राहायचं, खाली वाकून बघत बसायचं नाही. दुसरा त्रास आग करणाऱ्या झुडपांचा, अंगाला लागली की तासभर जळजळ. त्यासाठी शेतीच्या दुकानात मिळणारे जाड हातमोजे न्या, तोल जातो तेव्हा हात नेमका त्याच झुडपावर जातो. घोट्यापर्यंतचे, आधी वापरून मऊ झालेले बूट. दोन लिटर पाणी. एक जादा मास्क, कारण पहिला घामानं भिजतो.

हमाल घ्याच. पंधरा-वीस डॉलरमध्ये तो पाठीवरचं ओझं घेतो आणि निसरड्या जागी हात देतो. हमाल आसपासच्या गावांतले असतात, जंगल जिवंत राहण्यात त्यांचं पोट असणं हे वनरक्षकांच्या बंदुकीइतकंच कामाचं. अजिबात चालवत नसेल तर माणसांनी उचललेली डोलीही मिळते, तिला तिथं थट्टेनं हेलिकॉप्टर म्हणतात. काहीशे डॉलर लागतात आणि आदल्या दिवशी सांगावं लागतं.

तो एक तास

माग काढणारे पहाटेच निघालेले असतात. गोरिले रोज संध्याकाळी पानाफांद्यांची नवी घरटी करून झोपतात. कालच्या घरट्यांपासून माग धरत ते कुटुंबापर्यंत पोचतात आणि वाटाड्याला वायरलेसवर कळवतात. जवळ आल्यावर पिशव्या, काठ्या, खाणं सगळं हमालांपाशी ठेवायचं. तिथून पुढं फक्त कॅमेरा आणि तोंडावर मास्क.

दहा मीटरचं अंतर सांगितलं जातं. ते गोरिलांसाठी आहे. आपल्याला साधी सर्दी ती त्यांच्यात न्यूमोनिया होऊ शकते. 1996 मध्ये ब्विंडीच्या एका कुटुंबात खरूज पसरली, माणसांकडून आलेली, आणि एक पिल्लू दगावलं. त्यावर उपचार करणाऱ्या पशुवैद्य ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी पुढं आसपासच्या गावांच्या आरोग्याचंच काम उभं केलं. म्हणून सकाळी खोकला, ताप किंवा जुलाब असेल तर लपवू नका. वाटाडा खोकला ऐकून परत पाठवू शकतो, आणि ते बरोबरच आहे. निघण्याआधी आठवडाभर लग्नाकार्याच्या गर्दीत जाणं टाळा. खोकला आला तर तोंड कोपरात आणि पाठ गोरिलांकडं. शौचाला लागलं तर वाटाडा कोयत्यानं फूटभर खड्डा खणून देतो, मग तो बुजवायचा.

आत गेल्यावर आधी कान लावा. घशातून खोल, खाकरल्यासारखा दुहेरी आवाज येतो. ‘मी इथं आहे, सगळं ठीक’ अशा अर्थाचा. वाटाडाही तसाच आवाज काढून त्यांना उत्तर देतो. त्याउलट तुटक, खोकल्यासारखे घुरघुराट सुरू झाले की कुणाचं तरी काहीतरी चुकलंय, बहुधा आपल्याच गटातलं कुणी फार पुढं सरकलंय. पाठीवर रुपेरी केस आलेला नर कुटुंबाचा मुखिया, वजन दीडशे किलोच्या पुढं. तो छाती बडवतो ती मुठीनं नाही, पंजे पोकळ करून, म्हणून आवाज लांब जातो. तो धावून आला तर जागेवर बसा, नजर खाली, हात अंगाशी. पळू नका. बहुतेक वेळा तो झुडपं मोडत येतो आणि अलीकडंच थांबतो. पळालात तर मात्र मागं लागतो. पिल्लं कुतूहलानं जवळ येतात, तेव्हा मागं सरकण्याचं काम आपलं.

फोटोंचं गणित थोडं वेगळं. फ्लॅश बंद. जंगलात अंधार आणि विषय काळाकुट्ट, त्यामुळं कॅमेरा उजेड वाढवून केस राखाडी करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण ते एक स्टॉप कमी करा, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, 1600 च्या पुढं जाऊ द्या. 70-200 ची लेन्स पुरते. फांदीच्या पानांवर फोकस अडकतो, म्हणून एकच फोकस बिंदू निवडून डोळ्यावर ठेवा. नाकावरच्या सुरकुत्या स्पष्ट आल्या तर उत्तम, संशोधक त्यावरूनच एकेक गोरिला ओळखतात. पहिली दहा मिनिटं कॅमेरा खालीच ठेवलेला बरा. सगळे तेव्हाच घाईत असतात आणि सगळ्यांचे फोटो पाठमोरे येतात.

गोरिले चालत राहिले तर तासभर त्यांच्या मागं धडपडण्यातच जातो. तरी घड्याळ तेच. वाटाड्याला ‘अजून पाच मिनिटं’ म्हणून गळ घालू नका, नोटा दाखवून तर नाहीच.

परतल्यावर वाटाडा, माग काढणारे आणि हमाल यांची टिप वेगवेगळी द्या. माग काढणारे फाटकापर्यंत येत नाहीत, त्यांची जंगलातच द्यावी लागते, म्हणून पाच-दहाच्या नोटा खिशात असाव्यात. इंग्रजी सगळीकडं चालतं, पण ‘वेबाले’, म्हणजे धन्यवाद, एवढं पाठ करून जा.

घरी आल्यावर मलेरियाच्या गोळ्या मधेच सोडू नका. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस आणि डॉक्सिसायक्लीन चार आठवडे घ्यायची असते. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ताप भरला तर डॉक्टरांना आधी सांगा की युगांडाला जाऊन आलोय. जून-जुलैत जाऊन आलेल्याचा ताप आपल्याकडं पावसाळी व्हायरल नाहीतर डेंगीच धरला जातो आणि दोन दिवस पॅरासिटॅमॉलवर निघतात. तिकडचा मलेरिया बहुतांशी फाल्सिपॅरम जातीचा असतो, तो एवढा वेळ देत नाही. रक्त त्याच दिवशी तपासून घ्या, आणि पहिली तपासणी नकारार्थी आली तरी ताप उतरेना तर पुन्हा तपासा.